कच्चा आकडा आणि खरें माप

चांदूर बाजार तालुका म्हणजे संत्र्याचा मुलूख. शिरजगांव कसबा, करजगांव, ब्राह्मणवाडा थडी या बाजूच्या शिवारांतून जाणाऱ्या वाटसरूस आंबिया आणि मृग या दोन्ही बहरांच्या बागा जागोजाग आढळतात. अलीकडे वऱ्हाडांतील अशा शिवारांतून आणखी एक वस्तु दृष्टीस पडूं लागली आहे. तारेच्या कुंपणांत उभा असलेला एक उंच खांब. त्याच्या अंगावर पांढऱ्या तबकड्यांची लहानशी उतरंड. माथ्यावर वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या वाट्या. आणि बाजूला पाऊस झेलणारें नरसाळें. हें स्वयंचलित हवामान केंद्र होय. 'महावेध' या नांवाच्या योजनेखालीं 2017 सालापासून महाराष्ट्रांतील महसूल मंडळांमध्यें अशीं दोन हजारांहून अधिक केंद्रें उभारण्यांत आलीं. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांची नोंद तीं माणसाचा हात न लागतां करतात.

या नोंदीचें महत्त्व केवळ शास्त्रीय नाहीं. हवामानावर आधारलेल्या फळपीक विमा योजनेंत, गारपिटीसारखी बाब सोडली तर, बागेंत गळालेलीं फळें कोणी मोजीत नाहीं. ठरलेल्या काळांत तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला कीं नाहीं, एवढेंच केंद्राच्या नोंदीवरून पाहिलें जातें. तसेंच, चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला म्हणजे त्या महसूल मंडळांत अतिवृष्टि झाली असें धरतात. मर्यादेच्या अलीकडे एक दाणा आणि पलीकडे एक दाणा, यांत शेतकऱ्याच्या घरीं पैसा येणें अथवा न येणें एवढें अंतर पडतें. म्हणून खांबावरच्या यंत्राचा आकडा खरा कसा ठरतो, हें संत्र्याच्या बागाईतदारासहि समजून घेण्याजोगें आहे.

यंत्राला अंश ठाऊक नसतात आणि मिलिमीटरहि ठाऊक नसतात, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावयास पाहिजे. उन्हाळ्याच्या दुपारीं तें यंत्र आपल्या पोटांत लिहितें तो आकडा 39.5 असा नसतो. तो असतो, उदाहरणार्थ, 3206. हा झाला कच्चा आकडा. त्याचें तापमान करावयाचें तर तीन प्रश्नांचीं उत्तरें हातीं असावीं लागतात. या मोजणीचें शून्य कोठें आहे? मोजणीची एक पायरी केवढ्याची आहे? आणि पायऱ्यांची वाट सरळ आहे कीं वांकडी? या तिहींपैकीं एकाचें उत्तर चुकलें तरी शेवटीं मिळणारें तापमान दिसावयास अगदीं नीटनेटकें असतें, आणि तरीहि खोटें असतें.

आतां हा कच्चा आकडा जन्मास कसा येतो तें पाहूं. हवेच्या उष्णतेबरोबर सेन्सरमधील विजेचा दाब कमीअधिक होतो. हा दाब ओढ्याच्या पाण्यासारखा अखंड वाहणारा असतो. त्यांत पायऱ्या नसतात. त्याचें आंकड्यांत रूपांतर करणारी एक लहानशी चकती यंत्रांत बसविलेली असते, आणि ती जें काम करते तेंच काम जुन्या काळचा वाणी आपल्या तराजूवर करीत असे.

1956 च्या कायद्यानंतर हळूहळू किलोग्रॅम आले. त्यापूर्वीं बाजारांत शेर चाले. शेराचे सोळा छटाक. वाण्याजवळ अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक अशीं चार वजनें असत. म्हणजे आठ, चार, दोन आणि एक छटाक. समजा, गिऱ्हाइकानें पुडींत कांहीं जिन्नस आणून तो तोलावयास सांगितला. वाणी प्रथम अच्छेर टाकी. जिन्नस जड निघाला तर अच्छेर पारड्यांत राही. मग पावशेर टाकी. पारडें खालीं गेलें तर तो काढून घेई. मग अदपाव, मग छटाक. चार वेळां टाकून पाहिलें कीं वजन सांपडे. जिन्नस अकरा छटाक असेल तर अच्छेर राहिला, पावशेर निघाला, अदपाव राहिला, छटाक राहिला. जें राहिलें त्यास एक आणि जें निघालें त्यास शून्य असें लिहिलें कीं झालें 1011. हेंच द्विमान पद्धतीचें लेखन. पुष्कळशा यंत्रांतील चकती विजेच्या दाबाचें वजन नेमक्या याच क्रमानें, प्रत्येक खेपेस निम्मा करीत, करते. फक्त तिच्याजवळ चारांऐवजीं बारा, सोळा किंवा त्याहूनहि अधिक वजनें असतात. अशा प्रत्येक वजनाच्या जागेस बिट म्हणतात.

किती जागांतून किती निरनिराळे आकडे निघतात, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. लघु आणि गुरु अशीं दोनच प्रकारचीं अक्षरें, आणि तीन अक्षरांचा एक गण. म्हणून गण आठ, ही गोष्ट वृत्तें शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. पिंगलाच्या छंदःशास्त्रांत या मांडणीचा प्रस्तार सांगितलेला आहे. तीन जागांचे आठ, चार जागांचे सोळा. या रीतीनें दुप्पट करीत गेलें म्हणजे बारा जागांचे 4096 आणि सोळा जागांचे 65536 होतात.

येथेंच पहिली खांच आहे. चार वजनांनीं सोळा निरनिराळे आकडे निघतात, परंतु त्यांत शून्यहि आला. म्हणून सर्वांत मोठा आकडा पंधरा. आठ, चार, दोन व एक मिळून पंधराच होतात. पुरा शेर त्या चार वजनांनीं तोलतां येत नाहीं. तरीपण छटाक हा शेराचा सोळावा हिस्साच राहतो, पंधरावा होत नाहीं. सर्वांत मोठा आकडा पंधरा आला म्हणून कोणी शेरास पंधरानें भागूं लागला, तर त्याच्या हिशेबीं आठ छटाक म्हणजे अर्धा शेर राहणार नाहीं. बारा बिटांच्या यंत्राचा पल्ला पांच व्होल्टांचा असेल तर पायरी काढतांना पांचास 4096 नें भागावें, 4095 नें नव्हे. पायरी 1.2207 मिलिव्होल्टांची येते, आणि शेवटचा आकडा 4095 हा पांच व्होल्टांच्या एक पायरी अलीकडेच थांबतो.

ही चूक लहान आहे, चार हजारांत एक. पण ती फुकटची आहे, आणि ती टाळण्यास पैसा लागत नाहीं. शिवाय सर्वच यंत्रें या एकाच रिवाजानें चालतात असेंहि नाहीं. कारखान्यांतून वापरलीं जाणारीं कांहीं यंत्रें दहा व्होल्टांस 27648 हा आकडा देतात. सोळा बिटांच्या पल्ल्यांतील वरचा भाग तीं दाब मर्यादेबाहेर गेल्यास तो कळावा म्हणून मोकळा ठेवतात. तेव्हां तर्कानें भागाकार न करतां यंत्राबरोबर आलेली पुस्तिका आधीं वाचावी, हेंच शहाणपण.

दुसरी गोष्ट शून्याची. तेलाची बरणी तोलतांना आधीं रिकाम्या बरणीचा धडा करतात, आणि तराजूच्या दोन पारड्यांत मूळचाच फरक असेल तर पासंग बांधून तो काढतात. धडा न करतां तेल तोलणाऱ्यास गिऱ्हाईक लगेच हटकील. यंत्राच्या मोजणींतहि असाच धडा असतो, परंतु तो डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून पुष्कळदां विसरला जातो.

याचें उत्तम उदाहरण पाण्याच्या पातळीचें आहे. याच तालुक्यांत विश्रोळी येथें पूर्णा नदीवर धरण आहे. अशा एखाद्या जलाशयाच्या तळाशीं पाण्याचा भार मोजणारा सेन्सर बसविला आहे, आणि शून्य ते वीस मीटर हा त्याचा पल्ला आहे, असें उदाहरणापुरतें धरूं. असे सेन्सर बहुधा शून्य मीटरला शून्य वीज देत नाहींत. ते चार मिलिअँपियर देतात, आणि पूर्ण वीस मीटरला वीस. या प्रवाहाचा 250 ओहमच्या रोधावर एक ते पांच व्होल्ट दाब होतो. आतां शून्य ते पांच व्होल्ट पल्ल्याच्या बारा बिटांच्या यंत्रानें 2048 हा आकडा दिला. 2048 हे 4096 च्या निम्मे, म्हणून पाणी दहा मीटर, असें कोणी सांगितलें तर तो फसला. 2048 म्हणजे अडीच व्होल्ट, म्हणजे दहा मिलिअँपियर. त्यांतून धड्याचे चार वजा केले कीं उरले सहा. सोळापैकीं सहा हिस्से, म्हणून पाणी साडेसात मीटर. अडीच मीटरांची ही चूक यंत्राची नव्हे, धडा विसरणाऱ्याची.

हा चारांचा धडा मुद्दाम ठेवलेला असतो, आणि त्यांत मोठी सोय आहे. उंदरानें तार कुरतडली तर प्रवाह शून्य होतो, आणि हिशेबांत पाण्याची पातळी उणें पांच मीटर निघते. असलें अशक्य उत्तर पाहतांच तार तुटल्याचें कळतें. शून्य मीटरला शून्यच वीज असती, तर तुटलेली तार आणि आटलेलें धरण यांत भेद करतां आला नसता.

तिसरी गोष्ट पायरीच्या किंमतीची. पुस्तिकेंत छापलेली पायरी ही नव्या, निर्दोष यंत्राची असते. शेतांत उभ्या असलेल्या यंत्राचे घटक उन्हानें, ओलीनें आणि वयानें थोडेथोडे बदलतात. म्हणून छापील पायरीवर न विसंबतां यंत्राची पारखणी, म्हणजे कॅलिब्रेशन, करावी लागते. तिची सर्वांत साधी रीत दोन ठिकाणच्या मोजणीची. बर्फाचा चुरा आणि स्वच्छ पाणी थर्मासांत कालवून त्यांत सेन्सर बुडविला कीं शून्य अंश मिळतो. दुसऱ्या टोकासाठीं उकळतें पाणी घेण्याचा मोह होतो. परंतु समुद्रसपाटीपासून दर तीनशें मीटर उंचीमागें उत्कलनबिंदु सुमारें एका अंशानें उतरतो, म्हणून वऱ्हाडांत उकळत्या पाण्यास शंभर अंश धरणें चूक होय. त्यापेक्षां ऊन पाण्यांत सेन्सरच्या शेजारीं एक प्रमाणित तापमापक ठेवून दोहोंची तुलना करावी, हें बरें.

समजा, एका यंत्राचा पल्ला शून्य ते पन्नास अंशांचा आहे. बर्फांत त्यानें शून्याऐवजीं 46 हा आकडा दिला, आणि प्रमाणित तापमापक नेमके 50 अंश दाखवीत असतां त्यानें 4046 दिला. दोहोंतील अंतर 4000 पायऱ्यांचें. तेवढ्यांत पन्नास अंश. म्हणून एक पायरी 0.0125 अंशाची. आतां आरंभीं आलेला 3206 घ्या. त्यांतून धड्याचे 46 वजा केले, उरले 3160, त्यांस 0.0125 नें गुणलें, आले 39.5 अंश. हाच 3206 पारखणी न करतां, पन्नासास 4096 नें भागून काढलेल्या छापील पायरीनें गुणला तर 39.1 अंश येतात. विम्याची मर्यादा 39.5 असेल तर या चार दशांशांत सारें कांहीं आलें. पारखणीचा आणखी एक लाभ असा कीं, 4095 नें भागावें कीं 4096 नें, हा मघाचा वाद तेथें उरतच नाहीं; कारण पायरीची किंमत गृहीत न धरतां ती प्रत्यक्ष मोजून घेतलेली असते.

या हिशेबांत क्रमहि संभाळावा लागतो. धडा पायऱ्यांत मोजलेला असेल तर तो पायऱ्यांतूनच वजा करावयाचा. आधीं गुणून आलेल्या अंशांतून 46 वजा केले तर ऐन उन्हाळ्यांत हिंवाळ्यालाहि लाजविणारें, शून्याच्याहि खालचें तापमान निघेल. दुसरी अडचण लहान संगणकाच्या स्वभावाची. त्यास पूर्णांकांचा भागाकार सांगितला तर तो बाकी टाकून देतो. पन्नासास 4000 नें आधीं भागावयास सांगितलें कीं त्याचें उत्तर शून्य, आणि मग शून्यानें कांहींहि गुणलें तरी शून्यच. म्हणून आधीं गुणाकार, मागून भागाकार. पण तेथेंहि सावध राहावें. 3160 गुणिलें 50 म्हणजे 158000 होतात, आणि सोळा बिटांच्या घरांत 65535 पेक्षां मोठा आकडा मावत नाहीं. तो काठावरून सांडतो आणि घरांत 26928 एवढेच उरतात. त्यांस 4000 नें भागून सहा अंश आले तर दोष हवेचा नव्हे, भांडें लहान होतें. यास उपाय मोठें घर घेण्याचा. आणि दशांश तोडावयाचे ते अगदीं शेवटीं, एकदांच.

कित्येकदां आकडा बरोबर असतो, पण तो वाचतांना चुकतो. मराठींत 25 हा आकडा लिहितांना दोन आधीं आणि पांच मागून येतो; बोलतांना मात्र आपण पंचवीस म्हणतों, म्हणजे पांच आधीं आणि वीस मागून. ज्यास हा रिवाज ठाऊक नाहीं तो 52 लिहून मोकळा होईल. यंत्रेंहि मोठा आकडा आठ आठ बिटांच्या दोन तुकड्यांत पाठवितात. कांहीं मोठा तुकडा आधीं पाठवितात, तर कांहीं लहान. 3206 चे तुकडे 12 आणि 134 असे होतात. बारा वेळां 256 अधिक 134 म्हणजे 3206. हेच तुकडे उलटे जोडले तर आकडा 34316 होतो.

तसाच प्रकार उणें चिन्हाचा. मोटारींतील अंतर मोजणारें चक्र सर्व शून्यांवर असतां एक घर मागें फिरविलें तर सर्व नऊ दिसतात. तेथें तो मोठा आकडा म्हणजे वस्तुतः उणें एक होय. सोळा बिटांच्या यंत्रांत 65535 हा याच अर्थानें उणें एक असूं शकतो. एका प्रचलित सेन्सरची पायरी अंशाच्या सोळाव्या हिश्शाची आहे. जणुं अंशाचा छटाकच. त्यानें उणें अर्धा अंश, म्हणजे उणें आठ पायऱ्या, सांगितला तर कच्चा आकडा 65528 दिसतो. चिन्ह न ओळखणारा त्याचे 4095.5 अंश करील. वऱ्हाडाच्या मैदानांत पारा शून्याखालीं उतरत नसल्यामुळें ही चूक येथें वर्षानुवर्षें दडून राहते, आणि तेंच यंत्र हिमालयांत नेलें कीं पहिल्याच रात्रीं उघडकीस येते. याच सेन्सरची आणखी एक खोड जाणत्यास ठाऊक असावी. वीज येतांच, मोजणी होण्यापूर्वीं, त्याच्याजवळ 85 अंश हा आरंभींचा आकडा ठेवलेला असतो. नोंदवहींत मधूनच 85 अंश आढळले तर ती उष्णतेची लाट नव्हे. वीज जाऊन आली, एवढाच त्याचा अर्थ.

आतां राहिला तिसरा प्रश्न, वाट सरळ कीं वांकडी. उत्तम तापमापनासाठीं प्लॅटिनमची तार वापरतात. शून्य अंशास तिचा रोध 100 ओहम असतो आणि शंभर अंशांस 138.51. मधली वाट सरळ असती तर चाळीस अंशांस तो 115.40 झाला असता; प्रत्यक्षांत तो 115.54 असतो. फरक अगदीं किरकोळ दिसतो. पण सरळ वाट धरून चालणारा चाळीस अंश असतां सुमारें 0.36 अंश जास्त सांगेल. ही वांकडी वाट सुधारण्यासाठीं वर्ग आणि घन यांचीं पदें असलेलें सूत्र वापरतात. कांहीं यंत्रांच्या स्मृतींत निर्मात्यानें प्रत्येक पल्ल्याचे असे गुणक कोरून ठेवलेले असतात. ते त्याच पल्ल्यास लावावयाचे, शेजारच्या पल्ल्यास नव्हे. ज्यास एवढें गणित झेपत नाहीं त्यानें निदान पारखणीचीं दोन टोकें आपल्या कामाच्या जवळ घ्यावीं. शून्य आणि शंभर यांऐवजीं शून्य आणि पन्नास घेतलीं तर सरळ रेषेनेंहि ही चूक एक दशांश अंशाच्या आंत राहते. दूरच्या दोन गांवांमधील वळणें जेवढीं चकवितात तेवढीं जवळच्या दोन गांवांमधील चकवीत नाहींत.

पावसाचें यंत्र याहून साधें दिसतें. नरसाळ्याखालीं झोपाळ्यासारखी दोन खणांची एक लहान पन्हाळी असते. एक खण भरला कीं ती कलते, पाणी सांडते, दुसरा खण नरसाळ्याखालीं येतो आणि एक ठोका मोजला जातो. ठोके पूर्ण संख्येंतच असतात. त्यांत धडा नाहीं, उणें चिन्ह नाहीं. एका ठोक्यास अर्धा मिलिमीटर असें ठरलें कीं काम झालें, असें वाटतें. परंतु पन्हाळी कलत असतांना वरून पडणारें पाणी मोजणींत न येतां निसटतें, आणि पाऊस जितका मुसळधार तितकें हें निसटणें अधिक. म्हणजे ज्या पावसाची मोजणी सर्वांत महत्त्वाची, नेमक्या त्याच पावसांत यंत्र कमी सांगतें.

याची पारखणी कोणासहि करतां येण्याजोगी आहे. नरसाळ्याचा व्यास वीस सेंटिमीटर असेल तर त्याचें तोंड 314 चौरस सेंटिमीटर भरतें, आणि शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे 3142 मिलिलिटर पाणी होतें. तेवढें पाणी मोजून, जोराचा पाऊस पडतो त्या बेतानें, बारीक तोटींतून सोडावें. दोनशें ठोके पडावयास पाहिजेत. समजा, 196 च पडले. तर ठोका अर्ध्या मिलिमीटरचा नसून 0.5102 मिलिमीटरचा आहे. आतां श्रावणांतील एका रात्रीं या यंत्रानें 128 ठोके नोंदविले. छापील हिशेबानें पाऊस 64.0 मिलिमीटर, अतिवृष्टि नाहीं. पारखलेल्या हिशेबानें 65.3 मिलिमीटर, अतिवृष्टि आहे. पाऊस तोच, ठोके तेच; बदलला तो एका ठोक्याचा भाव, तोहि शेंकडा दोनांनीं. बांध फुटलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें मात्र या दोन नोंदी म्हणजे दोन निराळे पावसाळे होत.

येथें एक गैरसमज दूर करावयास हवा. यंत्राच्या बिटांची संख्या वाढली कीं मोजणी खरी होते, असें पुष्कळांस वाटतें. बारीक माप आणि खरें माप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुंजा तोलणारा सोनाराचा कांटा पासंग न काढतां वापरला तर तो बारीक खोटें सांगतो, एवढेंच. चोवीस बिटांच्या यंत्रानें 39.1364 असें चार दशांशांपर्यंत सांगितलें, आणि धडा मात्र चुकलेला असला, तर त्या चार दशांशांची शोभा व्यर्थ होय. पाठोपाठ शंभर मोजण्या घेऊन सरासरी काढल्यास विजेची थरथर कमी होते, हें खरें. पण शंभरहि मोजण्यांत धडा सारखाच चुकलेला असेल तर सरासरींतहि तो तसाच राहतो. चुकीच्या तराजूवर शंभर वेळां तोलल्यानें वजन बरोबर येत नाहीं.

यावरून एक नियम सहज निघतो, आणि तो या साऱ्या विषयाचें सार आहे. केंद्रानें केवळ तयार तापमान आणि तयार पाऊस जपून ठेवूं नये. त्याबरोबर कच्चा आकडा जसाच्या तसा जपावा. कोणत्या धड्यानें व कोणत्या गुणकानें त्याचें माप केलें तें लिहावें. आणि तो धडा व गुणक कोणत्या तारखेच्या पारखणींतून आला तेंहि लिहावें. पारखणी करणारानें यंत्रास हात लावण्यापूर्वीं तें जसें सांपडलें तशी एक मोजणी घ्यावी आणि दुरुस्तीनंतर दुसरी घ्यावी; म्हणजे मागील नोंदींत किती फरक करणें योग्य तें ठरवितां येतें. कार्तिकांत दोष सांपडला आणि श्रावणांतील 128 ठोके वहींत असले, तर श्रावणाचा पाऊस सुधारतां येतो. वहींत गुणकाचा पत्ता नसलेले 64 मिलिमीटर तेवढे उरले, तर मागाहून कितीहि शहाणपण सुचलें तरी उपयोग नाहीं. दळलेल्या पिठावरून जोंधळ्याचे दाणे मोजतां येत नाहींत.

ही सुधारणा नेहमीं शेतकऱ्याच्या लाभाचीच होईल असेंहि नाहीं. धडा उलट्या बाजूस चुकला असेल तर 39.5 चे 39.1 हि होतील. खरें माप कोणाच्याहि पक्षाचें नसतें, आणि म्हणूनच तें दोन्ही पक्षांस मान्य होतें. बाजार समितीच्या आवारांतील कांट्यावर माल घालण्यापूर्वीं जाणता शेतकरी वैधमापन खात्याची मोहोर आणि तिचें साल पाहतो. मोहोर जुनी दिसली तर विचारतो, आणि त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. तोच प्रश्न शिवारांतील खांबाविषयीं विचारण्यास हरकत नाहीं. याची पारखणी केव्हां झाली? ठोक्याचा भाव काय धरला आहे? कच्ची नोंद कोठें आहे?

आतां तर वऱ्हाडांतील तरुण मंडळी स्वतःच्या हातानें अशीं लहान यंत्रें जोडूं लागली आहेत. मातीची ओल मोजून ठिबकाची तोटी उघडणारें यंत्र बागेंत चालतांना पाहून घरच्या वडीलधाऱ्यांस कौतुक वाटतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या यंत्राच्या पडद्यावर पहिला आकडा उमटतांच काम संपलें असें समजूं नये. तेथून तें सुरू होतें. कोरडी माती घेऊन एकदां, भिजलेली माती घेऊन एकदां, असे दोन आकडे वहींत लिहावे आणि मग पायरीचा भाव बांधावा. धडा केल्यावांचून तेल तोलूं नये, हा वाण्याच्या दुकानांतील जुना रिवाज. दुकान बदललें, तराजू बदलला, पारड्यांच्या जागीं विजेची चकती आली. रिवाज मात्र तोच आहे, आणि तो पाळणारासच खरें माप मिळतें.